सत्तराचा पुडा

वच्छला कुंभरेच्या हातांचं कौतुक चिचटोल्यात कुणी तोंडावर करत नसे, पण तेंदूच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या, हंगामात बायका तिच्या शेजारी बसायचं टाळत. तिच्याजवळ बसलं की आपले हात लाकडाचे वाटतात, असं पुष्पाबाई म्हणायची. वच्छला पानांकडे बघतसुद्धा नसे. पाच-पाच पानं उचलायची, पस्तीस या तोंडानं, पस्तीस त्या तोंडानं, वर सालीच्या दोरीचा वेढा, की झाला सत्तर पानांचा पुडा. गप्पा मारता मारता, पोरीला रागावता रागावता तिचे पुडे होत, आणि फडावर, पानं विकत घेतात तिथं, हिशेब ठेवणाऱ्या मुनशीनं कधी एखादा सोडून मोजला तर सत्तरचे एकोणसत्तर निघत नसत. इतर बायांचे निघत. मुनशी मग त्यांना जे बोलायचं ते बोलायचा.

देवरीच्या पुढं हमरस्ता सोडून आत वळलं, की जंगलाच्या कडेला हा टोला, ही छोटी वस्ती, लागतो. घरं थोडी आणि माणसं ओळखीची. वच्छलाचा नवरा रूपेश हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावर भट्टी सांभाळतो. दहावी पास आहे, आणि ते तो विसरू देत नाही. त्यांची एकुलती एक पोरगी दिव्या, आठ वर्षांची, दुसरी संपवून तिसरीत जाणारी. तिच्यापायी यंदाचा सगळा उन्हाळा या घरानं श्वास रोखून काढला.

झालं असं. वार्षिक परीक्षेनंतर शाळेतल्या घनश्याम सरांनी पालकांना बोलावलं. सर दवनीवाड्याकडचे, धानाच्या मुलखातले, दोनच वर्षांपूर्वी बदलून आलेले. माणूस सरळ, पण गोड बोलण्याची सवय नाही. ते म्हणाले, "दिव्या अडखळत वाचते. आणि हातच्याची वजाबाकी तिला अजिबात येत नाही. घरी कोणी बसतं का तिच्यासोबत?"

रूपेशनं बायकोकडे पाहिलं. घरी आल्यावर दिव्याला हापशीवर पाणी आणायला पाठवून तो वच्छलाला गोठ्यामागं घेऊन गेला.

"म्या सरले दाखला तयार ठेवाले सांगतो," तो म्हणाला. "आश्रमशाळेत टाकू. तिथं राहील, जेवील, शिकल. इथं तं शेळ्याच राखन."

आश्रमशाळा वच्छलाला माहीत होती. ती स्वतः याच वयाची असताना बापानं तिला अशाच एका फाटकाशी सोडलं होतं. शाळा वाईट नव्हती, उगाच कशाला नावं ठेवा. पोटभर भात मिळे, बाई मारत नसत. पण पहिल्या पावसाळ्यात तिला ताप भरला, आणि त्या तापात ती आईला हाका मारत राहिली. आईला ती बातमी लागली तेव्हा ताप उतरून गेला होता. त्यानंतर पोरगी बोलेनाशी झाली. चौथीपर्यंत कशीबशी काढली आणि दिवाळीला घरी आली ती परत गेलीच नाही. अक्षरं आली, आकडे आले, पण शाळेचं नाव काढलं की अजून तिचे तळहात ओले होतात. शेकडो पोरं तिथं राहून मोठी झाली, साहेब झाली, हे तिला मान्य होतं. तिची पोरगी मात्र तिला रोज आपल्या ताटात जेवताना पाहिजे होती.

"म्या शिकवतो तिले," ती म्हणाली.

"तू? चौथी नापास?"

"नापास कायची? सोडली म्या."

बरीच बाचाबाची झाली. शेवटी रूपेश एका गोष्टीला कबूल झाला. शाळा उघडेल त्या दिवशी घनश्याम सर पालकांसमोर पोरांची वाचन-गणिताची तपासणी घेणार होते. त्यात दिव्यानं दोन्ही नीट करून दाखवलं तर ती इथंच राहील. नाही दाखवलं, तर दाखला घेऊन त्याच आठवड्यात आश्रमशाळा. "मंग रडाचं नाही," तो म्हणाला. वच्छला म्हणाली, "नाही रडत." आणि पोरीच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, हेही दोघांनी ठरवलं.

सुटी लागण्याआधी सरांनी आयांचा एक वर्ग घेतला. शाळेच्या वऱ्हांड्यात काड्यांचे गठ्ठे घेऊन बसले आणि घरी वजाबाकी कशी घ्यायची ते दाखवू लागले. वच्छला सकाळी जंगलातून आली होती, पानं घरी तशीच पडली होती, आणि बांधायला उशीर झाला की पान कडक होतं. ती उशिरा आली, दाराशी उभी राहिली, आणि लवकर निघाली. पण कान देऊन ऐकलं. सर सांगत होते, "सुटे कमी पडले, की एक गठ्ठा सोडायचा. सोडलेले सुटे हातातल्या सुट्यांत मिळवायचे, आणि मग काढायचे. एवढंच आहे."

एवढंच? वच्छलाला हसू आलं. हे तर ती जन्मभर करत आली होती! फडावर चार पानं कमी पडली की दुसरं काय करतात? एक पुडा सोडतात.

घोडं पेंड खात होतं ते इथंच. सरांच्या गठ्ठ्यात दहा काड्या होत्या. ते त्यांनी वर्गाच्या सुरुवातीलाच मोजून दाखवलं होतं, आणि तेव्हा वच्छला वाटेवर होती. तिच्या हाताला ठाऊक असलेल्या पुड्यात सत्तर पानं होती. आणि पुडा म्हणजे सत्तर, यात विचारण्यासारखं काही असतं, हे तिच्या मनातही आलं नाही.

मग सुरू झालं. पहाटे जंगल, दुपारी छपरीत पानांचा ढीग, ढिगाच्या एका बाजूला माय आणि दुसऱ्या बाजूला लेक. वच्छला पुडे बांधता बांधता विचारायची, "पाच पुडे हायेत अन् दोन सुटे पानं. मुनशीले दोन पुडे अन् आठ पानं द्याची हायेत. कसं करशीन?"

"दोन पानं पुरत नाहीत," दिव्या म्हणायची.

"मंग?"

"एक पुडा सोडला. सत्तर अन् दोन, बहात्तर. आठ गेले..." पोरगी बोटांवर पुटपुटायची. "चौसष्ट. अन् पुडे उरले दोन."

"शाब्बास!"

उत्तर चुकलं की वच्छलाचा पारा चढायचा. एरवी ती अशी नव्हती. पण शाळा उघडायचा दिवस जवळ येत चालला होता, आणि रूपेश बाजेवर पडून छताकडे बघत सगळं ऐकत असायचा. एकदा दिव्यानं एकसष्टऐवजी एकाहत्तर सांगितलं, तेव्हा वच्छलानं हातातली दोरी तिच्या मनगटावर मारली. वळ उठला. पोरगी रडली नाही, ओठ दाबून पुन्हा मोजायला लागली, आणि वच्छलाला स्वतःचीच लाज वाटली. त्या संध्याकाळी तिनं दिव्यासाठी मोहाच्या फुलांचं गोड केलं. वळ काही गोडानं जात नाही, पण आयांना दुसरा उपाय तरी कोणता माहीत असतो?

वाचनाला पुस्तक एकच होतं, सरांनी दिलेलं गोष्टींचं. ते आठवड्यात पाठ झालं, म्हणून माय-लेकी मिळेल ते वाचू लागल्या. लग्नाच्या पत्रिका, बियाण्याच्या पिशव्या, बाजाराला गेलं की देवरीच्या स्टँडवरच्या बसच्या पाट्या. वच्छला स्वतः बोट ठेवून वाचायची, दिव्या तिच्या बोटाच्या पुढं पळायची. हंगाम संपला तोवर पोरगी अख्खी पत्रिका न थांबता वाचत होती, खालच्या प्रेषकांच्या नावांसकट. आणि वजाबाकीची तर गंमतच झाली. बहात्तरातून आठ, त्र्याहत्तरातून सात, असली गणितं ती आता बोटं न हलवता करत होती. पाटीवर लिहून मात्र त्यांनी एकही केलं नाही. पानं समोर असताना पाटी कशाला लागते?

रूपेशही एकदा बाजेवरून म्हणाला, "पोट्टी तेज हाये रे बाबा." बोलून गेल्यावर त्याला पस्तावल्यासारखं झालं असावं, कारण त्यानं लगेच कूस बदलली. वच्छलानं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मनात आशा धरली.

शाळा उघडली त्या दिवशी वच्छलानं ताट तसंच बाजूला सारलं. दिव्याला तेल लावून दोन वेण्या घातल्या. रूपेशनं ढाब्यावरून सुटी काढली आणि मोटरसायकल शाळेच्या फाटकाबाहेर लावली, तोंड देवरीच्या दिशेनं. वच्छलाला ते दिसलं. आश्रमशाळेची वाट तीच होती.

वर्गात पोरं सतरंजीवर आणि आया भिंतीला टेकून बसल्या. बाप मंडळी दारात उभी, घरी कामं पडली आहेत असा चेहरा करून. सरांनी आधी वाचन घेतलं. दिव्याचा नंबर आला. सरांनी तिला कधी न पाहिलेला उतारा दिला. पोरीनं एकदा नजर फिरवली आणि वाचायला सुरुवात केली ती संपेपर्यंत थांबली नाही. पूर्णविरामाला श्वाससुद्धा घेतला. सरांचा चेहरा उजळला.

"हे बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "मार्चमध्ये या पोरीला दोन ओळी धड वाचता येत नव्हत्या. उन्हाळाभर आई सोबत बसली, म्हणून हे झालं. वच्छलाताईंसारखं बसा जरा पोरांजवळ."

सगळ्या बायांनी वळून पाहिलं. वच्छलानं पदर सारखा केला. तिनं दाराकडे चोरून बघितलं, रूपेश हाताची घडी घालून उभा होता. अर्धं मैदान मारलं होतं. आता गणित, आणि ते तर हातचा मळ.

सरांनी फळ्यावर दशक आणि एककाची घरं आखून लिहिलं, बावन्न वजा अठ्ठावीस. दिव्या उठली. खडू घेतला. क्षणभरसुद्धा थांबली नाही. एककाच्या घरात तिनं चौसष्ट लिहिलं, ते घरात मावेना म्हणून जरा बारीक केलं, आणि दशकाखाली दोन. मग मागं सरून उभी राहिली, आणि मायकडे बघून हसली.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. "दोनशे चौसष्ट?"

मागच्या एका पोरानं खिदळायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि दुसरं गणित दिलं, त्रेचाळीस वजा सतरा. दिव्यानं तेही तितक्याच झपाट्यानं केलं. दोनशे सहासष्ट.

"अगं, तुझ्याजवळ त्रेचाळीस होते. त्यातले दिले, तर दोनशे उरतील कसे?" सरांच्या आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "हे सहासष्ट कुठून आणलेस?" उत्तर येईना, तेव्हा ते बाकीच्या पोरांकडे वळले. "सांगा रे, एक गठ्ठा सोडला तर सुटे किती?"

"दहाऽऽ!" सगळा वर्ग ओरडला.

दहा. दहा! भिंतीशी लावून ठेवलेल्या काड्यांच्या गठ्ठ्यांकडे वच्छलानं पहिल्यांदा नीट पाहिलं. एवढेसे होते ते, मुठीत मावतील असे. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! अन् तोही पोरीच्या हातून, सगळ्या गावासमोर.

दिव्यालाही कळलं होतं. तिचं हसू कधीच पुसलं गेलं होतं. ती मायकडे बघत होती, एकटक.

"दिव्या," सरांनी विचारलं, "असं करायला तुला कुणी शिकवलं?"

पोरीनं मान खाली घातली. "कोनी नाही. मले गणित येतच नाही, सर."

दारातून रूपेशचा आवाज आला. "झालं तं. चाल, दिव्या." तो फाटकाकडे वळलासुद्धा.

बोलावं की नाही, असा प्रश्न वच्छलाला पडला हे खोटं सांगून लपवण्यात अर्थ नाही. पडला. आत्ताच तर सरांनी तिचं नाव घेतलं होतं. बायांनी वळून बघितलं होतं. चौथीत शाळा सोडलेलीनं मास्तरकी करायला जावं कशाला, असं उद्या हापशीवर बोलतील. पण समोर तिची पोरगी खडू मुठीत आवळून उभी होती, आणि शाळेला ती मठ्ठ वाटत होती.

"खोटं बोलून राहिली थे, सर," वच्छला उठून म्हणाली. "म्या शिकवलं तिले. सत्तराच्या पुड्यानं."

"कसले सत्तर?"

"तेंदूचा पुडा. सत्तर पानाचा राहते ना. तुमी म्हनलं गठ्ठा सोडाचा, म्या पुडा सोडाले लावला."

सरांनी आयुष्यात पुडा बांधला नव्हता. तेवढ्यात पुष्पाबाई भिंतीजवळून म्हणाली, "मंग चुकलं काऊन म्हनता, सर? सत्तर अन् दोन बहात्तर, आठ गेले तं चौसष्टच. बराबर हाये पोरीचं." आणि आणखी दोघी-तिघींनी बोटांवर मोजून माना डोलावल्या. बरोबर आहे म्हणे! वच्छलाला त्या स्थितीतही पुष्पाबाईच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"पानांचं बरोबर असेल," सर हळूच म्हणाले. "पण बावन्न म्हणजे पाच पुडे नाहीत, ताई. पाच दहा. अंकात गठ्ठा नेहमी दहाचाच."

"कळलं मले आता," वच्छला म्हणाली. "पोरीले म्या चुकवलं. तिचा दोष नाही." आणि ती दाराकडे वळली, कारण खरा न्याय तिथं व्हायचा होता. रूपेश परत दारात आला होता. 'तू शिकवलं म्हणूनच' हे शब्द त्याच्या तोंडून येणार, हे ती धरूनच चालली होती.

रूपेश फळ्याकडे बघत, मान खाजवत म्हणाला, "सर, म्या बी ऐकत होतो. रोज. बाजेवर पडून. सत्तर अन् दोन बहात्तर." त्याला पुढचं बोलणं जड गेलं. "मले बी बराबरच वाटलं. दहावी पास आहो म्या."

कुणी हसलं नाही. सरांनी फळा पुसला. एक गठ्ठा सोडून दहा काड्या दिव्याच्या हातात मोजून दिल्या, आणि पुन्हा पहिलंच गणित लिहिलं. पोरगी काड्यांकडे बघत उभी राहिली. दिव्यानं काड्या खाली ठेवल्या, खडू उचलला, आणि लिहिलं. चोवीस. पुढचं गणित सरांनी लिहिता लिहिताच तिनं तोंडी सांगितलं, सव्वीस. त्यापुढची तीनही बिनचूक.

"बहात्तरातून आठ मनात करणाऱ्या पोरीला बारातून आठ काय जड?" सर म्हणाले आणि रूपेशकडे वळले. "दाखल्याचं काय करू?"

"राहू द्या," रूपेश म्हणाला. "नाव इथंच राहू द्या."

तिघंही फाटकाबाहेर आली. रूपेशनं मोटरसायकलचं तोंड टोल्याकडे वळवलं. दिव्यानं वच्छलाचा पदर ओढला.

"माय, मंग माहे कपडे थैलीतून काढून ठेवू?"

"कोनत्या थैलीतून?"

"थे दारामागची. म्या भरून ठेवली होती. दोन फराक अन् कंगवा." पोरगी खाली बघत म्हणाली. "आश्रमशाळेत न्याले."

वच्छलानं नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा पाय किकवर तसाच थांबला होता.

"तुले कोनं सांगितलं?"

"तुमी गोठ्यामागं बोलून राहिले होते ना. म्या हापशीवर गेलोच नव्हतो."

म्हणजे पहिल्या दिवसापासून पोरीला ठाऊक होतं. मनगटावर वळ उठला तेव्हाही, आणि आज, 'मले गणित येतच नाही' म्हणाली तेव्हाही. वच्छला तिथंच धुळीत खाली बसली. पोरीचे दोन्ही दंड तिनं धरले.

"अवो पोरी, मंग माहं नाव काऊन नाही घेतलं?"

"सगळे तुले हासले असते ना," दिव्या म्हणाली, आणि उन्हाळाभर दाबून धरलेलं रडू तिला आता फुटलं.